टीवर ठेवलेला चेंडू: एमिली स्कॅरॅटची १७ वर्षं

२००८ मध्ये, १८व्या वर्षी, एमिली स्कॅरॅट इंग्लंडच्या महिला रग्बी संघाकडून पहिला सामना खेळली. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ११९ सामने, ७५४ गुण आणि पाच विश्वचषकांतला सहभाग होता. इंग्लंडच्या महिला संघात इतके गुण दुसऱ्या कुणाचेच नाहीत. सेंटर, म्हणजे मधल्या फळीतली खेळाडू म्हणून ती बचाव फोडायची, ट्रायही (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) भरपूर केल्या, पण या ७५४ मधला मोठा वाटा किकचा आहे. म्हणून तिची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी किक समजून घ्यावी.

ट्रायचे ५ गुण, त्यानंतर मिळणाऱ्या जादा किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे २ आणि प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगासाठी मिळणाऱ्या पेनल्टीचे ३. चेंडू टीवर, म्हणजे तो उभा धरणाऱ्या छोट्या स्टँडवर ठेवायचा आणि दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून मारायचा. दोन खांबांमध्ये ५.६ मीटर अंतर, आडवी दांडी ३ मीटर उंचीवर. कन्व्हर्जन घ्यायचं ते ट्राय जिथे झाली त्याच रेषेत. मागे किती जायचं हे किकर ठरवते. समजा ट्राय मध्यापासून २० मीटर बाजूला झाली. १० मीटर मागे गेलं तर अंतर फक्त २२ मीटर, पण तिरपं पाहिल्यामुळे खांबांमधली फट जेमतेम अडीच मीटर दिसते. २० मीटर मागे गेलं की फट जवळजवळ चार मीटर होते, अंतर मात्र २८ मीटर. पाय लांब मारणारा असेल तरच हा सौदा परवडतो. स्कॅरॅटचा होता.

टेकलेला पाय चेंडूपासून साधारण एक वीत बाजूला हवा. फार जवळ पडला तर मारणाऱ्या पायाला जागाच उरत नाही. मागे पडला तर शरीर मागे झुकतं आणि चेंडू नुसता उंच जातो. कंबर वेळेआधी उघडली की उजव्या पायाचा चेंडू डावीकडे ओढला जातो. उजव्या पायाच्या किकरला उजवी टचलाइन (मैदानाची बाजूची रेषा) अवघड जाते तीही या वळणामुळेच: चेंडू जवळच्या खांबाच्या बाहेरून सोडून आत वळवावा लागतो. यातलं काहीही धावण्याच्या वेगावर अवलंबून नाही. वय वाढलं तरी किकर टिकते, ते म्हणूनच.

२०१४ चा विश्वचषक अंतिम सामना, पॅरिस. कॅनडाने तीन पेनल्टींवर अंतर ११-९ पर्यंत आणलं होतं. तिथून स्कॅरॅटने पेनल्टी मारली, मग स्वतः ट्राय केली आणि तिचं कन्व्हर्जनही साधलं. २१-९. त्यातले १६ गुण तिचे.

त्या विजयानंतर इंग्लंडने प्रथमच २० जणींना पूर्णवेळ करार दिले, पण ते प्रामुख्याने सेव्हन्ससाठी, म्हणजे सात जणींच्या रग्बीसाठी. सेव्हन्समध्ये टी नसते, कन्व्हर्जन ड्रॉप किकने घ्यावं लागतं, म्हणजे चेंडू टप्पा घेऊन वर येतानाच मारायचा. तंत्र वेगळं, सात-सात मिनिटांच्या डावांचा दमही वेगळा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ब्रिटनची कर्णधार होती. संघ चौथा आला. पंधरा जणींच्या खेळासाठी २८ पूर्णवेळ करार आले ते जानेवारी २०१९ मध्ये. त्याच वर्षी ती जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. पगारी सराव मिळाल्यावर खेळ किती वर जातो याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधायची गरज नाही.

२०२२ चा अंतिम सामना, ऑकलंड. १८व्या मिनिटाला इंग्लंडला रेड कार्ड मिळालं, पुढचा सगळा सामना १४ जणींनी खेळला. इंग्लंडच्या पाच ट्राय, तीन कन्व्हर्जन: ३१. न्यूझीलंडच्या सहा ट्राय, दोन कन्व्हर्जन: ३४. हुकलेली दोन कन्व्हर्जन बसली असती तर इंग्लंड एका गुणाने पुढे असतं. दोष किकरचा म्हणायचा नाही. इतका वेळ एक खेळाडू कमी असूनही हा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत सामन्यात होता, हे त्याहून मोठं. पण दोन गुणांची किंमत अशी असते.

२०२१ मध्ये तिचा पाय मोडला होता. २०२३ मध्ये मानेवर शस्त्रक्रिया झाली. ज्या खेळात प्रत्येक टॅकलचा (चेंडू घेऊन धावणारीला पकडून पाडण्याचा) भार खांदा आणि मानेवर येतो, तिथे ही दुखापत अनेकींची कारकीर्द संपवते. ती २०२४ मध्ये परतली आणि २०२५ च्या विश्वचषकातल्या पहिल्या सामन्यात राखीव खेळाडू म्हणून उतरली. अंतिम सामन्यात इंग्लंडने लंडनच्या ट्विकनममध्ये ८१,८८५ प्रेक्षकांसमोर कॅनडाला ३३-१३ ने हरवलं, तेव्हा टी झोई हॅरिसनकडे होती. तिने चार कन्व्हर्जन साधली.