पणजोबांचा शोध, अपडेट 4: 1919 चा फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) मिळाला!

गेला महिनाभर गट नंबरवर अडकले होते. आत्ताच्या सातबाऱ्यावर गट नंबर (जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा नवा नंबर) आणि जुने कागद सगळे त्याआधीच्या सर्व्हे नंबरचे, शेवटी एकत्रीकरणाच्या पत्रकातून जुना सर्व्हे नंबर मिळाला आणि तिथून गाडी पळाली. नवीन मंडळींना परत सांगते, आडनावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. जुन्या नोंदीत बऱ्याचदा नुसतं 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच असतं, आडनाव असेलच असं नाही, पण शेत जागचं हलत नाही.

सातबाऱ्यावर वर्तुळात जे फेरफार नंबर असतात ते एकेक करत मागे मागे गेले, 1970, 1948, 1931, आणि मग मोडी लिपीतलं 1919 चं पान. मोडीत शब्द तोडत नाहीत, सगळं एका रेषेला लटकलेलं, माझं वाचन अजून कच्चं, त्या चार ओळींना दोन संध्याकाळी गेल्या. खातेदार ऑक्टोबर 1918 मध्ये मयत, सबब त्याचं नाव कमी करून मुलगा दाखल, मुलगा अज्ञान (वयाने लहान), म्हणून पालनकर्ती आई, आणि पुढे तिचं नाव, 'कोम' अमुक. कोम म्हणजे बायको. आमच्या घरच्या वंशावळीत एकही बाई नाही हो, नुसते पुरुष, आणि ही खापरपणजी सरकारी दप्तरात शंभर वर्षं बसून होती! मी ते नाव मोठ्याने वाचलं तर बाबा उठून शेजारी येऊन बसले.

त्याच पानावर वर-खाली लागोपाठ वारसनोंदीच आहेत, आणि मृत्यूच्या तारखा सगळ्या त्याच सुमाराच्या दोन महिन्यांतल्या. इन्फ्लुएंझाची साथ, दुसरं काय असणार. आता गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर काढायचंय, त्यात मरणाचं कारण लिहिलेलं असतं.

त्याच्याही मागे जायचंय. गाव इंदापूर तालुक्यातलं, म्हणजे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास 30 वर्षांच्या मुदतीची मोजणी-आकारणी सुरू केली तोच तालुका, त्यामुळे आशा आहे. हक्कनोंदणी 1903 च्या कायद्यानंतरची, त्याआधी फेरफार नाहीत, तेव्हा आता आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याची नोंदवही) आणि मोजणीचे जुने कागद. अर्ज सोमवारी टाकतेय. मोडीतला 'कोम' आणि 'बिन' पटकन ओळखायची कुणाकडे काही युक्ती असेल तर सांगा, मी अजूनही घोळ घालते.