कन्सेंट टर्म्समध्ये मिडाझोलम कुठे लिहायचं?

आज ताईबरोबर फॅमिली कोर्टात. बोर्डावर नंबर बराच खाली होता, म्हणून पुकारा होईपर्यंत बाकड्यावर बसून वकील मॅडमनी आणलेला कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे ताई-भाऊजींनी संमतीने वेगळं होताना मान्य करायच्या अटींचा, ड्राफ्ट वाचला. सगळ्यांचा असतो तसाच. कस्टडी आईकडे, बाबांना दुसऱ्या-चौथ्या शनिवार-रविवारी ओव्हरनाइट ऍक्सेस, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. ताईचा ओम नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसतो), बोलत नाही, फिट्स येतात. व्हिडिओ कॉलवर तो काय करणार, पंख्याकडे बघणार.

भाऊजी वाईट माणूस नाही हे मी आईसमोरसुद्धा म्हणते (आणि बोलणी खाते). जीव आहे त्यांचा पोरावर. पण त्याला भरवायचं म्हणजे पाठीला उशी, मान किंचित पुढे, खिमट पातळ नको आणि गोळा पण नको, गळा हलला, घास गेला हे बघूनच पुढचा चमचा, घाई केली की ठसका आणि मग छातीत जायची भीती. रात्री फिट आली तर आधी घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली की नाकात मिडाझोलमचा स्प्रे आणि सरळ हॉस्पिटल. ताईच्या हाताला हे सगळं बसलंय. ड्राफ्टमध्ये यातलं एक अक्षर नाही.

कायद्याला दोष नाही देत मी. पालकत्वाचा 1890 चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ऍक्ट घ्या नाहीतर 1956 चा हिंदू मायनॉरिटीचा, मुलाचं हित आधी हेच दोन्हीकडे. पण हित कुणाला विचारून ठरवायचं? जरा मोठं मूल असलं की जज चेंबरमध्ये बोलावून बोलतात. ओमशी काय बोलणार? 2025 ला सुप्रीम कोर्टात एक केस आली होती, 22 वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी, आईवडील वेगळे, आई अमेरिकेत आणि मुलगा वडिलांबरोबर चेन्नईत. हायकोर्टाने त्याच्याशी बोलून आईचा अर्ज फेटाळला होता. सुप्रीम कोर्टाने मात्र निमहान्सचा (बंगळुरूची मेंदू-मनोविकारांची सरकारी संस्था) रिपोर्ट पाहिला, समज आठ-दहा वर्षांच्या मुलाएवढी आहे हे धरलं आणि त्याला आईबरोबर परत पाठवलं. असं बघावं लागतं. नुसतं चार प्रश्न विचारून कसं कळेल?

मग मीच मॅडमना म्हटलं, याचा दिनक्रमच जोडा ना सोबत, औषधं, भरवणं, स्प्लिंट (आधाराची पट्टी) किती वेळ, फिट आली तर काय, आणि न्यूरोलॉजिस्टचं लेटर. आणि ओव्हरनाइटच्या आधी काही महिने भाऊजींनी शनिवारी थेरपीला यायचं, स्वतः भरवायचं. मला वाटलं त्यांचे वकील उसळणार, पण भाऊजीच म्हणाले, "चालेल. मला रात्रीचीच भीती वाटते खरं तर." ताई काही बोलली नाही, ड्राफ्टवर पेनाने रेघा मारत बसली. हे वाक्य तिला दोन वर्षांपूर्वी घरात ऐकायला मिळालं असतं तर, असं माझ्या मनात आलं, पण जाऊदे.

अजून एक गोष्ट कुणीच काढत नव्हतं. अठरा झाल्यावर काय? बाकीच्या पोरांची कस्टडी तिथे संपते. ओमसाठी नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली (सेरेब्रल पाल्सीसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीचा) पालकत्वाचा वेगळा अर्ज, तो फॅमिली कोर्टात नाही, कलेक्टर साहेबांच्या लोकल लेव्हल कमिटीकडे. पोटगी अठराला बंद व्हायचं कारण नाही, स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अपंग मुलाला ती पुढेही मागता येते, म्हणून तेही आत्ताच लिहून घ्या म्हटलं. ताई वैतागली, "अठराचं अठराला बघू, आधी यांना खिमट तरी जमूदे."

पुकारा झाला, दोन मिनिटांत पुढची तारीख. शनिवारी अकराला थेरपी आहे, भाऊजींना पत्ता पाठवलाय. ब्लू टिक आलीये.