प्रेक्षक गॅलरीतून विधान परिषद : नागपुरातील एक दिवस

पदवीधर मतदारसंघात मत देणाऱ्या माणसाला आपला आमदार सभागृहात नेमके काय करतो हे जाऊन पाहण्याची इच्छा क्वचितच होते, कारण या मतदारसंघात नाव नोंदवणे हेच इतके कटकटीचे काम आहे की मत दिल्यावर कर्तव्य संपले असे वाटते. दर निवडणुकीला यादी नव्याने तयार होते. नमुना १८ चा अर्ज पुन्हा भरायचा, पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत पुन्हा जोडायची आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानेच उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे. एवढी खटपट ज्या सभागृहासाठी करतो, ते एकदा डोळ्यांनी पाहावे असे बरेच दिवस मनात होते. एका शिक्षक मित्राच्या ओळखीने प्रवेशिका मिळाली आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत पुण्याहून रात्रीच्या गाडीने मी नागपूरला निघालो.

अधिवेशनकाळात नागपुरात राहायला जागा मिळवणे हा स्वतंत्र उद्योग आहे. सीताबर्डीतल्या साध्या लॉजचे दरही या दिवसांत वर सरकलेले असतात, कारण मंत्रालय फायलींसह येथे आलेले असते आणि त्यामागून कामे घेऊन येणारी माणसेही. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराने विदर्भातील नेत्यांना जी आश्वासने मिळाली, त्यांत वर्षातून किमान एक अधिवेशन येथे भरवण्याचे आश्वासन होते. १९५६ साली राजधानीचा दर्जा गमावलेल्या शहराला तो दर्जा दरवर्षी काही दिवसांपुरता परत मिळतो. ते दिवस आता बरेच कमी झाले आहेत, ही नागपूरकरांची जुनी तक्रार मला लॉजच्या काउंटरपासून तर्री पोह्यांच्या गाडीपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळाली आणि ती रास्त आहे.

बर्डीवरून विधान भवनाकडे जाताना झिरो माईलच्या परिसरात गोवारी शहीदांचे स्मारक लागते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अधिवेशन चालू असतानाच, गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. नागपूरचे अधिवेशन आणि मोर्चे हे समीकरण सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याची किंमत काय पडली आहे हे या ठिकाणी थांबल्याशिवाय ध्यानात येत नाही.

प्रवेशद्वारावर मोबाइल जमा करून, दोनदा झडती देऊन मी गॅलरीत पोहोचलो. विधानसभेचे २८८ सदस्य डोळ्यांसमोर असतील, तर परिषदेचे सभागृह लहान वाटते. येथे एकूण जागा ७८ : ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेल्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, पदवीधरांच्या आणि शिक्षकांच्या प्रत्येकी सात, आणि १२ राज्यपालनियुक्त. कागदावरची ही संख्या आणि बाकांवरची संख्या यांचा मेळ मात्र गेल्या काही वर्षांत बसलेला नाही. २०२० पासून चार वर्षांहून अधिक काळ राज्यपालनियुक्त जागा रिकाम्या राहिल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांपैकी सात भरल्या गेल्या. स्थानिक संस्थांच्या निवडणुका २०२२ पासून रखडल्या. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य हेच या मतदारसंघांचे मतदार असल्याने मतदारच उरले नाहीत आणि मुदत संपलेल्या अनेक जागा तशाच राहिल्या. हे सभागृह विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी त्याचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, ही त्याची घटनात्मक शान आहे. परंतु निवृत्त होणाऱ्यांच्या जागी कोणी येणारच नसेल, तर स्थायी सभागृह आतून झिजत जाते.

कामकाज प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू झाले. गॅलरीत शेजारी बसलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे छापील प्रश्नांची यादी होती आणि तिची भाषा वाचून मला मोठी मौज वाटली. प्रत्येक प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असे विचारत पुढे सरकतो आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?’ येथे येऊन थांबतो. उत्तरेही ठरलेल्या वळणाची : होय, हे खरे आहे, हे अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. ‘अंशतः खरे’ असलेल्या उत्तरांवर सदस्य तुटून पडतात, कारण खरा भाग किती आणि खोटा किती हे छापील कागद सांगत नाही. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावयाच्या, प्रश्नाचे सारे मोल छापील उत्तरानंतरच्या उपप्रश्नांत आहे, हे अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले. एका जिल्ह्यातील पाणीपुरवठा योजनेच्या प्रश्नावर मंत्र्यांनी चौकशी चालू असल्याचे सांगितले. चौकशी अधिकारी कोण, असा पहिला उपप्रश्न आला. अहवाल कधी येणार, असा दुसरा. तिसरे सदस्य उठले आणि त्यांनी एवढेच विचारले की, ज्या अधिकाऱ्याच्या काळात काम झाले त्याच्याकडेच चौकशी आहे काय. मंत्र्यांनी मागे, अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिले, एक चिठ्ठी आली, ती वाचून होईपर्यंत सभागृह गप्प होते, आणि मग चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवून तीस दिवसांत अहवाल घेण्याचे त्यांनी कबूल केले. मुख्याध्यापकांनी यादीच्या समासात तारीख टिपली. सभागृहात दिलेला असा शब्द नोंदला जातो आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. तो किती नेटाने होतो, हा निराळा विषय.

तास संपताच वातावरण पालटले. विरोधकांनी नियम २८९ अन्वये कामकाज बाजूला ठेवून चर्चेची मागणी केली, सभापतींनी ती नाकारली, घोषणा झाल्या, काही सदस्य समोरच्या मोकळ्या जागेत उतरले आणि सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब झाले. दूरचित्रवाणीवर संध्याकाळी हाच भाग दिसतो. गॅलरीतून पाहताना त्यातली सवय अधिक जाणवते : घोषणा देऊन परतणारा सदस्य सत्ताधारी बाकावरच्या एकाशी हसून दोन शब्द बोलतो आणि कामकाज शब्दशः टिपणारी प्रतिवेदक मंडळी शांतपणे पाळी बदलतात.

कामकाज पुन्हा सुरू झाल्यावर तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचना आल्या आणि त्यांतली एक अंशतः अनुदानित शाळांच्या टप्पा अनुदानाची, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी सरकार टक्क्याटक्क्याने वाढवत नेणाऱ्या अनुदानाची, होती. शिक्षक मतदारसंघाचा प्रतिनिधी बोलायला उभा राहिला की सभागृहाचा सूर बदलतो. शाळेच्या शिक्षकखोलीतले बोलणे जसेच्या तसे येथे ऐकू येते. वीस टक्क्यांवर अडकलेल्या शिक्षकाच्या हाती महिन्याला काय पडते, कर्ज मागायला गेल्यावर बँक त्याला कशी उभी करते, मुलीचे लग्न ठरवताना तो आपला पगार कसा सांगतो, हे त्या सदस्याने आवाज न चढवता सांगितले. विधानसभेतल्या आमदाराला रस्ते, पाणी, पीकविमा या सगळ्यांचे ओझे असते. माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनीच निवडून दिलेल्या माणसाला एकाच प्रश्नाला वर्षानुवर्षे चिकटून राहणे परवडते. वरिष्ठ सभागृह कशाला हवे, या प्रश्नाला मला सुचलेले सर्वांत चांगले उत्तर हेच आहे. मंत्र्यांच्या उत्तरात सहानुभूती भरपूर होती, शासन सकारात्मक असल्याचा उल्लेख दोनदा आला आणि तारीख एकदाही आली नाही.

दुपारनंतर बाके विरळ झाली. एका सदस्याने गणपूर्तीकडे लक्ष वेधले आणि घंटा वाजू लागली. घटनेनुसार येथे किमान दहा सदस्य लागतात. घंटा वाजत असताना दोघे लगबगीने आत आले, त्यांच्या मागून आणखी काही, आणि सभापतींच्या जागी काम पाहणाऱ्या तालिका सभापतींनी मान हलवून पुढचा विषय पुकारला. तो पुरवणी मागण्यांवरील विनियोजन विधेयकाचा, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाला मंजुरी देणाऱ्या धन विधेयकाचा, होता. पैशाच्या बाबतीत या सभागृहाच्या हाती काय आहे हे त्या काही मिनिटांत उघड झाले. धन विधेयक चौदा दिवसांत परत पाठवायचे असते, परिषदेच्या शिफारशी स्वीकारणे न स्वीकारणे विधानसभेच्या मर्जीवर असते. विधेयक शिफारशीविना विधानसभेकडे परत पाठवण्याचा प्रस्ताव मांडला गेला, ‘होय’चे बहुमत झाले आणि एवढ्या मोठ्या रकमेचा विषय माझा चष्मा पुसून होण्याआधी संपला. साध्या विधेयकालाही परिषद आधी तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना, एवढेच रोखू शकते.

तरीही अधिकार थोडे म्हणून वजन थोडे, असे या सभागृहाचा इतिहास सांगत नाही. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे येथे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची त्यांची कल्पना १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रथम अजमावली गेली, १९७२ च्या दुष्काळात तिचा कस लागला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ साली त्याच धर्तीवर देशाचा कायदा आला. ना. धों. महानोर १९७८ साली राज्यपालनियुक्त म्हणून आले आणि कवितेइतकेच शेतीपाण्यावर बोलले. सध्याच्या नियुक्त्यांच्या याद्या वाचताना ही नावे आठवावीत आणि तुलना करणे वाचकावर सोडावे.

सायंकाळी विशेष उल्लेख झाले. प्रत्येकाला मिळालेल्या अवघ्या काही ओळींत एसटीचा आगार, बंद पडलेले वसतिगृह, रखडलेली शिष्यवृत्ती अशी विषयांची रांग लागली. मग सभागृह दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब झाले. मोबाइल परत घेऊन मी यशवंत स्टेडियमच्या बाजूला गेलो. तेथे टप्पा अनुदानासाठी आलेले शिक्षक मांडवात बसले होते. मी गॅलरीतून येत आहे असे कळल्यावर चाळिशीतले एक सर जवळ आले. मंत्र्यांचे उत्तर त्यांनी मोबाइलवर थेट पाहिले होते, त्यामुळे त्याबद्दल त्यांना काही विचारायचे नव्हते.

“कॅमेरा बोलणाऱ्यावरच असतो,” ते म्हणाले. “आमची लक्षवेधी चालू होती तेव्हा समोर किती जण बसले होते, ते सांगा.”

मी मोजले होते. मंत्री धरून एकोणीस. त्यांनी मागे वळून तो आकडा मांडवातल्यांना सांगितला, आणि गेल्या वर्षीपेक्षा बरे की वाईट यावर तेथे लगेच वाद सुरू झाला.