हे शीट सुटं करायचं नाही

पावसाळ्यात टपाल तिकिटांच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटतात. म्हणून ऑगस्टात थोडी उघडीप मिळाली की मी सगळे अल्बम काढून पंख्याखाली उभे करून ठेवतो. आज लात्व्हियाचं, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या एका छोट्या देशाचं, पान उघडलं आणि मग पुढचं काम राहूनच गेलं.

त्या पानावरचं पहिलं तिकीट १९१८ सालचं आहे. पाच कापेइकांचं, लाल रंगाचं. मधे सूर्य, दोन्ही बाजूंना धान्याची कणसं, वर तीन तारे. देश नुकताच जन्मला होता आणि छपाईला कागद नव्हता. तेव्हा जर्मन सैन्य मागे टाकून गेलेल्या लष्करी नकाशांच्या पाठीवर ही तिकिटं छापली गेली. चिमट्याने उलटं करून भिंगाखाली धरलं की मागे बारीक काळ्या रेघा दिसतात. माझ्या तिकिटाच्या वाट्याला एका रस्त्याचं वळण आणि दोन-तीन अर्धवट अक्षरं आली आहेत. दुसऱ्याने चालून येण्यासाठी काढलेला नकाशा, आणि त्याच्याच पाठीवर या लोकांनी आपलं नाव छापलं! किंमत विचाराल तर फार नाही, माझ्यासारख्या पेन्शनरालाही परवडली. पण माझ्या संग्रहात याच्यापेक्षा मोलाचं काही नाही.

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, पत्रं गावागावांच्या खणांत लावणारा सॉर्टर होतो. सगळी नोकरी खणांसमोर उभं राहून झाली. पत्र कुठलं, कुठे चाललंय, हे तिकीट आणि शिक्का पाहून क्षणात कळायचं. पण लात्व्हिया आणि त्याचे शेजारी लिथुआनिया, एस्टोनिया ही नावं कधी हातात आली नाहीत. येणार कुठून? १९४० मध्ये सोव्हिएत संघाने हे तिन्ही देश गिळले आणि त्यांची तिकिटं बंद झाली. लहानपणी आम्हा पोरांकडे रशियाच्या तिकिटांचे ढीग असायचे. त्यांवर रशियन लिपीत लिहिलेलं 'पोच्ता' (म्हणजे टपाल) आम्ही इंग्रजी समजून 'नोयटा' वाचायचो. त्या 'नोयटा'खाली तीन देश दडपलेले आहेत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. १९५० साली तर सोव्हिएत टपालाने या तिघांच्या 'प्रजासत्ताकांना' दहा वर्षं झाली म्हणून तिकिटं काढली होती. कारखाने, पुतळे, झेंडे, सगळं देखणं. ती माझ्याकडेही आहेत आणि मी ती काढून टाकलेली नाहीत. खोटं काय सांगितलं जात होतं तेही अल्बममध्ये दिसलं पाहिजे.

आणि मग २३ ऑगस्ट १९८९. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी करार केला होता, आणि त्याच्या गुप्त कलमांत पूर्व युरोपची वाटणी झाली होती. मॉस्को म्हणायचं, अशी कलमंच नाहीत. त्यावर या तिन्ही देशांच्या लोकांनी ना दगड उचलला ना बंदूक. संध्याकाळी सात वाजता एस्टोनियाच्या टालिनपासून लात्व्हियाच्या रीगामार्गे लिथुआनियाच्या व्हिल्नियसपर्यंत, म्हणजे तिन्ही राजधान्या जोडत, ते हातात हात घालून रस्त्यावर उभे राहिले. ६०० किलोमीटरांहून लांब साखळी, सुमारे २० लाख माणसं. तिन्ही प्रजासत्ताकांची मिळून लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास, म्हणजे चौघांतला एक जण. आपल्याकडे मुंबईपासून पणजीपर्यंत महामार्गावर माणसाला माणूस लागलेला डोळ्यांपुढे आणा. कुठे माणसं कमी पडताहेत ते रेडिओवरून सांगत होते. गाड्यांच्या गर्दीत अडकलेल्यांनी जिथे होते तिथेच उतरून हात धरले. पंधरा मिनिटं, बस. त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोला ती गुप्त कलमं कबूल करावी लागली.

पुढच्या वर्षी, मार्च १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. ऑक्टोबरात त्यांची पहिली तिकिटं आली: देशाचा नकाशा आणि त्यावर देवदूत. किंमत अजून रशियन कोपेकमध्येच, आणि दाते (तिकीट सुटं करायला कडेने पाडलेली भोकं) नाहीत! कात्रीने कापून घ्यायची. कात्री जरा तिरकी गेली की तिकीट तिरकं. माझ्याकडचं एक असंच तिरकं आहे. कोण्या पोस्टातल्या बाईने किंवा बुवाने घाईत कापलं असेल. सरळ कापलेल्यापेक्षा तेच मला जास्त आवडतं. त्यानंतर तीन महिन्यांनी, जानेवारी १९९१ मध्ये, व्हिल्नियसच्या टीव्ही मनोऱ्यापाशी सोव्हिएत रणगाडे आले. १४ माणसं गेली. तरीही लोक नि:शस्त्रच उभे राहिले.

आता शीर्षकातल्या शीटकडे येतो. १९९९ मध्ये साखळीला दहा वर्षं झाली तेव्हा तिन्ही देशांच्या टपाल खात्यांनी मिळून तिकिटं काढली. प्रत्येकाचं आपापलं तिकीट, शिवाय प्रत्येक देशाचं तीन तिकिटांचं एक लहान शीट. माझ्याकडे लात्व्हियाचं आणि लिथुआनियाचं आहे. त्यांवर पुढारी नाही, पुतळा नाही, एकही ओळखीचा चेहरा नाही. कुटुंब आणि झेंडा, एवढंच. आणि लात्व्हियाच्या शीटवर शेजारच्या दोन्ही देशांचीही माणसं आहेत. स्वतःच्या टपालावर शेजाऱ्याची माणसं, तीही बरोबरीने! टपालात जन्म गेला माझा, असं फारसं पाहिलेलं नाही.

एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने अशाच शीटची तीन तिकिटं सुटी करून विकायला ठेवली होती. "सुटी लवकर खपतात, काका," म्हणाला. त्याचं चुकलं असं नाही, धंदाच तसा. पण मला वाईट वाटलं. तिकीट फाडायलाच दाते असतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! पण इथे त्या दात्यांनी तिघांना धरून ठेवलंय. ते तोडलं की उरतात फक्त तीन तिकिटं.

आपल्याकडे दांडीयात्रेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८० मध्ये, जोडतिकीट निघालं होतं. एकावर गांधीजी चालताहेत, दुसऱ्यावर मीठ उचलताहेत. ते असायलाच हवेत. पण त्याच १९३० साली आपल्या शिरोड्याच्या मिठागरावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्या बिननावाच्या माणसांनाही तिकिटावर जागा मिळावी असं मला फार वाटतं.

एस्टोनियाचं १९९९ चं शीट अजून मला मिळालेलं नाही. कोणाकडे जास्तीचं असेल तर कळवा. न फाडलेलं हवं. बदल्यात दांडीची जोडी देईन, तीही न फाडलेली.