टेकडी धावून पोहायला गेले तेव्हा

आज सकाळी तळजाईची टेकडी धावून थेट तलावावर गेले. पहिल्या 400 मीटरला दम अजिबात लागला नाही, पाय मात्र लाकडासारखे! किक मारताना घोटे सैल सुटतच नव्हते. सर काठावरून ओरडले, "अगं, पंजा मागे सोड!"

धावताना पंजा वर ओढला जातो, पोहताना तो मागे ताणलेला लागतो. धावण्याने दमसास वाढतो, हे शंभर टक्के खरं. पण पाणी हवेपेक्षा जवळजवळ 800 पट दाट. तिथे वेग येतो तो हातांच्या ओढीतून आणि अंग सपाट ठेवण्यातून. म्हणून जमिनीवर घाम गाळायचाच तर पुल-अप्स, रबर बँड, प्लँक आणि स्क्वॉट जंप यांवर गाळावा, असं माझं ठाम मत. उड्यांचा फायदा तर टर्नला लगेच जाणवतो. भिंतीला धक्का दिल्यावर जो वेग मिळतो, तो नंतर हात मारून कधीच मिळत नाही.

धावणं मी सोडणार नाही, फक्त पोहून झाल्यावर आणि हलकं. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात उतरायचंय, तिथे दमसास लागेलच. पोहणाऱ्या मंडळींनो, घोट्यांसाठी तुम्ही कोणते स्ट्रेच करता? नक्की सांगा.