तुम्ही विचारलंत म्हणून: चष्मा आपल्या डोळ्याकडं कशाला बघतो?

निपाणीकडच्या लग्नात पंगतीला बसलं की पानात बुंदी पडायच्या आत शेजारचा विचारतो, "हल्ली काय चाललंय?" मी सांगतो, चष्म्यासारखे डोळ्यावर घालायचे पडदे असतात, त्यांच्या उजेडाचं काम करतो. मग ठरलेला प्रश्न येतो. आमच्या बेळगावात खडेबाजारातल्या चष्मेवाल्यानं विचारला, इंजिनिअरिंगच्या पोरांनी विचारला, उद्यमबागेत मला ब्रॅकेट करून देणाऱ्या लेथवाल्यानंही विचारला: "पडदा तर डोळ्यापासून दोन बोटांवर. मग तो चष्मा उलटा आमच्याच डोळ्याकडं कशाला बघत बसतो?"

आजवर मी "उजेड वाया जाऊ नये म्हणून" एवढं बोलून बुंदीकडं वळत आलोय. ते उत्तर खरं आहे, खरं पुरं नाही. (आमच्या भागात ‘पण’लाही ‘खरं’च म्हणतात, तेव्हा ते वाक्य पुन्हा वाचा.)

माझे चुलते, तात्या, उसाला पाणी पाजतात. थ्री फेज रात्री दोनला आली तर दोनला. पाटाला पाणी सुटलं की खोरं खांद्यावर टाकून, बॅटरी तोंडात धरून ते सरीच्या तोंडाशी उभे. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बांधायचं, पुढचीचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. डोळा लागला की पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात जातं आणि सकाळी भांडण होतं. दारं धरायला माणूस नसेल तर मग पाणी रानभर मोकळं सोडायचं, काय भिजेल ते भिजेल.

आज मिळणारे, आरपार दिसून वर चित्रही दाखवणारे चष्मे बरेचसे या दुसऱ्या पद्धतीनं चालतात. काडीत बारका प्रोजेक्टर असतो. त्याचा उजेड काचेत शिरतो, आतल्या आत आपटत पुढं सरकतो आणि जागोजागी थोडा थोडा डोळ्याकडं सांडतो. या काचेला वेव्हगाइड म्हणतात. सांडण्याची ती जागा, म्हणजे डोळा जिथं असला तर चित्र दिसेल तो पट्टा, धरू १२ मिलिमीटर रुंद आणि १० उंच. झाले १२० चौरस मिलिमीटर. आणि उजेड आत शिरतो कुठून, तर बाहुलीतून, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या भोकातून. घरातल्या उजेडात बाहुलीचा व्यास साधारण ३ मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळ सातच्या आसपास. शंभर भाग उजेड डोळ्यापर्यंत आणला तर सहा आत जातात, बाकीचे पापणीवर, गालावर, बुबुळावर. काचेतच जो गमावला त्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही. उन्हात गेलात की बाहुली २ मिलिमीटरवर येते आणि शंभरातले अडीच-तीनच आत जातात. बाहेर लख्ख ऊन असताना चित्र उजळ लागतं, आणि नेमकं तेव्हाच दार आक्रसतं. मग प्रोजेक्टर तापतो, कानशिलाला चटका लागतो, काडीतली बोटाच्या पेराएवढी बॅटरी दुपारी मान टाकते.

तर मग सगळा उजेड बारीक करून थेट बाहुलीत सोडावा, हे सुचायला फार हुशारी लागत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या सुमारास रंगांच्या प्रयोगात नेमकं तेच केलं होतं. भिंगानं उजेड बाहुलीत एका ठिपक्यापाशी गोळा केला. आजही त्या रचनेला त्यांचंच नाव आहे. तिचा एक फायदा मला फार आवडतो. उजेडाचा झोत इतका बारीक असतो की चष्म्याचा नंबर असलेल्यालाही चित्र रेखीव दिसतं, डोळे बारीक केले की लांबची पाटी वाचता येते तसं. तोटा गमतीचा आहे: डोळ्यात तरंगणारे जे बारके धागे-ठिपके एरवी जाणवत नाहीत, त्यांच्या सावल्याही तितक्याच रेखीव दिसतात.

असा एक नमुना मी घरी टेबलावर मांडला होता, तेव्हा तात्या बाजाराला आले होते. म्हटलं, बसा. हनुवटी टेकायला ज्ञानेश्वरीची जाड प्रत घ्यावी म्हटलं तर आईनं हात धरला. मग स्टीलचा डबा उपडा घातला.

"काय दिसंना गा."

जरा डावीकडं, जरा वर. टेबलाचा स्क्रू पाव फेरा.

"आलं! घड्याळ हाय. आकडे बी दिसाय लागल्यात."

मग ते कोपऱ्यातला आकडा नीट बघायला गेले आणि चित्र गेलं. पुसट वगैरे झालं नाही, दिवा मालवल्यासारखं गेलं. परत समोर बघितलं, आलं. परत कोपरा, गेलं. पाच-सहा वेळा करून ते म्हणाले, "दिसतंय, खरं बघाय गेलं की जातंय. पाणी दुसऱ्या सरीत चाललंय तुझं."

इतकं नेमकं निदान मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी दिलेलं नाही. डोळा जागच्या जागी फिरत असला तरी बाहुली फिरण्याच्या केंद्रापासून सुमारे १० मिलिमीटर पुढं असते. डोळा २० अंश वळला की बाहुली जवळजवळ साडेतीन मिलिमीटर बाजूला सरकते, म्हणजे स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त. झोत पहिल्या जागीच पडत राहतो, आता तो बुबुळावर. चित्राच्या ज्या भागाकडं बघावं तो बघण्यामुळंच जातो.

म्हणून चष्म्याला डोळ्याकडं बघावं लागतं. चौकटीत इन्फ्रारेडचे बारके दिवे असतात, आपल्याला न दिसणारे. त्यांचे ठिपके बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, आरशात दिवा दिसावा तसे, चमकतात. जोडीला तांदळाएवढा कॅमेरा. बाहुली काळी दिसते, ठिपके पांढरे. बाहुली ठिपक्यांपेक्षा जास्त सरकली तर डोळा वळला. बाहुली आणि ठिपके दोन्ही जवळपास सारखेच सरकले तर घामानं चष्माच नाकावरून घसरला. ही घसरण कळणं जीव की प्राण आहे, कारण दीड मिलिमीटरची घसरण एरवी कुणाच्या गावीही नसते, इथं ती अर्धी बाहुली झाली. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पडदा केला, तेव्हा त्याचं यंत्र छतापासून टांगलेलं होतं. ते यंत्र डोकं कुठं आहे आणि कुठं वळलंय एवढंच मोजायचं. अजून खाली, डोळ्यापर्यंत, उतरायला पुढं फार वर्षं गेली.

बाहुली सापडली की झोत तिकडं वळवायचा. कुणी केसाएवढ्या जाडीचे बारके आरसे हलवतात, कुणी विजेच्या दाबानं वळण बदलणारे लिक्विड क्रिस्टलचे थर वापरतात. माझ्या टेबलावर गरिबाची पद्धत आहे: तीन बाय तीन, नऊ एलईडी. जो दिवा लावाल त्याची प्रतिमा डोळ्यापाशी वेगळ्या जागी पडते. भिंगातून ती उलट बाजूला पडते, म्हणून बाहुली डावीकडं गेली की उजवीकडचा दिवा लावायचा. नऊच्या नऊ एकदम लावले तर परत रानभर पाणी झालं, वर अंधारात बाहुली मोठी झाली की दोन ठिपके एकदम आत शिरतात आणि एका घड्याळाची दोन घड्याळं होतात. दोन ठिपक्यांमधलं अंतर जास्त ठेवलं तर उन्हात, बाहुली बारीक असताना, मधल्या फटीत काहीच दिसत नाही. हे अंतर ठरवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. लेथवाला म्हणाला, "दहा पैशाच्या दिव्याला दहा मायक्रॉनचं ब्रॅकेट?" (दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.) त्याचंही बरोबर आहे.

हे सगळं वेळेत होतं का? इथं देवानं एक सवलत दिली आहे. आरशासमोर उभे राहा, आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडं बघा, मग उजव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला दिसतील. डोळा उडी मारतो तेवढ्यापुरतं मेंदू बघणं जवळपास थांबवतो. २० अंशांची उडी साठेक मिलिसेकंदांची असते. कॅमेरा सेकंदाला १२० चित्रं घेत असेल तर तेवढ्यात सात हाती लागतात. डोळा उतरायच्या जागी दिवा आधीच लागलेला असला, तर मधे काय गडबड झाली ते माणसाला कळतच नाही.

"डोळ्यात उजेड मारता, डोळे जातील की" हाही प्रश्न असतो. बाहुलीतून आत जायचा तो उजेड तेवढाच राहतो. वाचतो तो सांडलेला. हलत्या आरशानं लेसरचा झोत फिरवणाऱ्यांना मात्र आरसा अडकला तर त्या क्षणी लेसर बंद पडेल अशी सोय करावीच लागते. इन्फ्रारेडचंही माप राखावं लागतं, कारण तो दिसत नाही आणि त्याच्यानं बाहुली आक्रसतही नाही.

आपण कुठं बघतो ते चष्मा टिपून ठेवतो की काय, या संशयाचं काय, ते सांगतो. झोत वळवायला बाहुली चौकटीत कुठं आहे एवढंच लागतं, तेही या क्षणापुरतं. तुम्ही काय बघताय याच्याशी त्या दिव्यांना देणंघेणं नाही. बाजारातल्या काही हेडसेटचं तसं नाही. २०२४ मध्ये विकायला आलेल्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये ज्याच्याकडं बघाल ते बोटांची चिमूट केली की निवडलं जातं. कॅमेरा मात्र दोन्हीकडं डोळ्यावरच रोखलेला. मी एकदा चाचणीसाठी चौकट घालून गणपत गल्लीतून चाललो आणि घरी येऊन पुढच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर नजरेच्या खुणा ठेवून बघितल्या. पाट्यांवर वर मोठं कन्नड. कर्नाटकात २०२४ पासून पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा आहे. माझी नजर दर पाटीवर ते ओलांडून खालच्या बारक्या देवनागरीवर, नसेल तर इंग्रजीवर. मला कन्नड वाचता येतं, चौथीपासून. तरीही. आमच्या गावात कोण कुठली पाटी आधी वाचतो याची यादी कुणाकडं असावी, असं मला वाटत नाही. ती फाइल मी पुसली, आणि त्यानंतर माझ्या प्रोग्रॅममध्ये बाहुलीची जागा पुढचं चित्र येईपर्यंतच ठेवतो.

अडचणी फार आहेत. काजळाची जाड रेघ कॅमेऱ्याला बाहुलीचाच भाग वाटते. आजीच्या पापण्या उतरल्यात, अर्धी बाहुली झाकलेली. वर मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवलेलं भिंग स्वतःच चमकतं, मग ठिपके नक्की कुठले ते ओळखायची पंचाईत. रानभर पाणी सोडणाऱ्या चष्म्यात आजीला मंद का होईना दिसतं. माझ्यात तिला एक तर झकास दिसतं, नाही तर काहीच नाही.

दिवाळीत तात्या परत आले. यावेळी नऊ दिवे आणि कॅमेरा जोडलेला होता. त्यांनी डब्यावर हनुवटी टेकली, सगळे कोपरे बघून घेतले. घड्याळ टिकलं.

"आता डोळा झाकला तर?"

झाकला. बाहुली सापडेना म्हणून दिवे बंद झाले, प्रोग्रॅम तसाच लिहिलेला होता. उघडला. एक, दीड क्षण काहीच नाही, मग घड्याळ.

"डोळा लागला तुझ्या गड्याचा," तात्या म्हणाले. डोळा उघडताना पापणी अर्ध्यावर असतानाच बाहुली ओळखायचं काम सध्या चालू आहे.