५०० नॅनोमीटरची पट्टी उलटवताना

पीएचडीसाठी नॅनोस्ट्रक्चरमधलं चुंबकत्व हा विषय घेतला तेव्हा आमच्या विभागात इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी नव्हती आणि इतक्या बारीक पट्टीतलं चुंबकत्व दाखवणारा मायक्रोस्कोपही नव्हता. बऱ्यापैकी चालणारा एक कॉम्प्युटर मात्र होता. माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "तुझी स्वतःची रचना नंतर बघू. आधी मानक प्रश्न क्रमांक चार सोडवून आण. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सोडव. उत्तरं जुळली तर का जुळली आणि नाही जुळली तर का नाही, ते मला समजावून सांग."

सिम्युलेशनवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी स्वतः सोडवावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या मूमॅग गटाने सॉफ्टवेअर पारखण्यासाठी मायक्रोमॅग्नेटिक्सचे (म्हणजे अतिसूक्ष्म रचनांमधल्या चुंबकत्वाच्या गणिताचे) काही मानक प्रश्न ठरवून दिले आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी काढलेली उत्तरं सगळ्यांना बघता येतात. चौथ्या प्रश्नात परमॅलॉयसारख्या (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूसारख्या) धातूची एक आयताकृती पट्टी आहे: लांबी ५०० नॅनोमीटर, रुंदी १२५, जाडी फक्त ३. पट्टीतलं चुंबकत्व सुरुवातीला साधारण लांबीच्या दिशेने असतं, पण दोन्ही टोकांना किंचित वळलेलं, इंग्रजी एस अक्षरासारखं. मग अचानक उलट्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि चुंबकत्व कसं उलटतं ते नॅनोसेकंदाच्या हिशोबात पाहायचं.

चुंबकत्व क्षेत्राकडे थेट वळत नाही. भोवऱ्यासारखं ते क्षेत्राभोवती घिरट्या घालतं आणि डॅम्पिंगमुळे, म्हणजे ऊर्जा गमावत गेल्यामुळे, हळूहळू त्याच्याकडे झुकतं. याचं समीकरण लँडाऊ आणि लिफ्शिट्झ यांनी १९३५ साली मांडलं, पुढे गिल्बर्टने डॅम्पिंगचं पद वेगळ्या रूपात लिहिलं. परीक्षेसाठी मी ते कितीदा तरी लिहिलं होतं. पण पट्टीतला प्रत्येक बिंदू शेजाऱ्याला ओढतो आणि शिवाय दूरच्या प्रत्येक बिंदूचं क्षेत्रही झेलतो, हे सगळं एकाच वेळी चालतं तेव्हा काय होतं याचा अंदाज कागदावर येत नाही.

पहिलं सॉफ्टवेअर एनआयएसटीचंच, ओओएमएमएफ. आतलं गणित सी प्लस प्लसमध्ये, बाहेरचा सगळा डोलारा टीसीएल या भाषेत. टीसीएल मी कधी पाहिलीच नव्हती. आधी तिचा कंटाळा आला, नंतर तीच आवडायला लागली. कारण यात इनपुट फाइल हाच एक छोटा प्रोग्रॅम असतो. महिरपी कंसातला एक तुकडा पट्टीचा आकार सांगतो, दुसरा एक्सचेंजचा (शेजारच्या बिंदूंमधल्या ओढीचा) स्थिरांक, तिसरा डीमॅग्नेटायझिंग क्षेत्र (पट्टीच्या स्वतःच्याच चुंबकत्वाने तयार होणारं), चौथा बाहेरचं क्षेत्र, पाचवा वेळ पुढे कसा सरकवायचा ते. भौतिकशास्त्राचं एकेक पद आणि फाइलमधला एकेक तुकडा अगदी समोरासमोर. एखादा तुकडा काढून टाकला की निसर्गातून ते बल वजा केल्यावर काय होईल ते लगेच दिसतं. मी डीमॅगचा तुकडा काढून पाहिला, तर टोकांचं वळणच नाहीसं झालं. ते वळण कशामुळे येतं हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

याच फाइलमध्ये ७९५.७७४७२ हा आकडा दिसतो. प्रश्नात क्षेत्र मिलिटेस्लामध्ये दिलंय, सॉफ्टवेअरला ते अँपिअर प्रति मीटरमध्ये हवं असतं, त्या रूपांतराचा हा गुणक. अशा आकड्यांवरून नजर फिरवून पुढे जाऊ नये. प्रत्येक आकडा कुठून आला ते वहीत लिहून ठेवावं.

दुसरं सॉफ्टवेअर बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचं, मूमॅक्स-थ्री. हे गो भाषेत आणि कुडामध्ये (ग्राफिक्स कार्डवर गणित करवून घेण्याच्या एनव्हिडियाच्या प्रणालीत) लिहिलेलं आहे, त्यामुळे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. आमच्याकडे ते नव्हतं, म्हणून मी गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवरचं फुकटचं जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापरलं. इथे सगळा प्रश्न दहा-बारा ओळींत मावतो: ग्रिड (पट्टी ज्या छोट्या चौकोनी सेलमध्ये विभागायची ती जाळी), सेलचा आकार, सॅच्युरेशन (चुंबकत्वाची कमाल) ८ लाख अँपिअर प्रति मीटर, डॅम्पिंग ०.०२, मग स्थिरावू दे, मग क्षेत्र लाव, मग एक नॅनोसेकंद चालव. नव्या माणसाला हेच सोपं वाटेल. तरीही मी ओओएमएमएफपासून सुरुवात केली याचं मला समाधान आहे, कारण मूमॅक्स ज्या गोष्टी गुपचूप करून टाकतो त्या तिथे स्वतः लिहाव्या लागतात.

(कणभौतिकीत काम करणारा माझा एक वर्गमित्र सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचं रूट हे डेटा तपासायचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात क्लिंग नावाचा इंटरप्रिटर आहे, सी प्लस प्लसची एकेक ओळ टाइप करून लगेच चालवून बघता येते. आमच्या विषयांत काहीच साम्य नाही, पण फोनवर आम्ही तासन् तास याच गोष्टीवर बोलतो, की प्रश्न विचारण्याची भाषा हाताशी असली की माणूस जास्त प्रश्न विचारतो.)

खरा कस लागतो तो सेलच्या आकाराला. या पदार्थाची एक्सचेंज लांबी साधारण ५.७ नॅनोमीटर आहे, म्हणजे शेजारचं चुंबकत्व त्याहून कमी अंतरात फारसं वळत नाही. सेल त्याहून लहान हवा. मी ५ नॅनोमीटरने सुरुवात केली, २५०० सेल. मग २.५, म्हणजे १०,०००. मग १.२५, म्हणजे ४०,०००. संख्या चौपट झाली तर वेळही चौपट लागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. सेल निम्मा केला की एक्सचेंजचा ताठरपणा चौपट होतो, म्हणून वेळेचं पाऊलही साधारण चौथाईवर आणावं लागतं. काम जवळपास सोळापट. सर्वांत बारीक ग्रिड मी रात्री लावून घरी जायचे.

पहिलं क्षेत्र २५ मिलिटेस्लाचं, लांबीच्या अक्षाशी १७० अंशांवर. यात मधला भाग आणि टोकं एकाच बाजूने फिरतात. लांबीच्या दिशेचं सरासरी चुंबकत्व सुमारे ०.१४ नॅनोसेकंदात शून्य ओलांडतं, मग डोलत डोलत उलट बाजूला स्थिरावतं. दोन्ही सॉफ्टवेअरचे आलेख एकावर एक बसले आणि मूमॅगवरच्या उत्तरांवरही बसले. मला इतका आनंद झाला की मी तो आलेख घरी आईलासुद्धा दाखवला.

दुसरं क्षेत्र ३६ मिलिटेस्लाचं, १९० अंशांवर. कोनात फक्त २० अंशांचा फरक, पण मधला भाग एका बाजूने फिरतो आणि टोकं त्याच्या विरुद्ध. मग दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चुंबकत्वाला फार मोठं वळण घ्यावं लागतं. तिथे सेल अपुरे पडतात. माझे तिन्ही ग्रिडचे आलेख शून्य ओलांडेपर्यंत हातात हात घालून गेले आणि पुढे फाटले. मूमॅगवर दिलेली निरनिराळ्या गटांची उत्तरंही या क्षेत्रासाठी पुढे जाऊन एकमेकांपासून दूर जातात.

मॅडमनी ते आलेख बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "यातलं खरं कुठलं?" मी सांगितलं की शून्य ओलांडेपर्यंतच्या भागावर माझा विश्वास आहे, कारण ग्रिड बदलला तरी तो बदलत नाही. त्यापुढच्या भागाबद्दल बोलायचं तर आणखी बारीक ग्रिड लागेल, आणि मूमॅक्स सिंगल प्रिसिजनमध्ये (कमी अंकांपर्यंत अचूक) हिशोब करतो तर ओओएमएमएफ डबलमध्ये (जास्त अंकांपर्यंत), तेही तपासावं लागेल. "मग प्रबंधात हेच असंच लिही," एवढंच त्या म्हणाल्या.

आता माझं काम परमॅलॉयच्या गोल चकत्यांवर चाललंय, ज्यांत चुंबकत्व पाण्यातल्या भोवऱ्यासारखं गोल वळून बसतं. चौकोनी सेलमध्ये गोल कड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि त्या पायऱ्या स्वतःच खोटं क्षेत्र तयार करतात. आयताकृती पट्टीत ही अडचण नव्हती. मूमॅक्समध्ये कड गुळगुळीत करायची सोय आहे, पण ती कितपत पुरते हे मी पुन्हा त्याच पद्धतीने, सेल निम्मा करत करत, तपासते आहे.